दुसऱ्या हाताचा घास

माझ्या लेकीला भरवायचं काम मी कुणाला देत नसे. जन्मली तेव्हा ती रडली नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून तिचे हात, पाय आणि मान तिचं ऐकत नाहीत. ती चालत नाही, बोलत नाही. समजतं मात्र सगळं. घरात कोण रागावलंय, कोण उगाच गोड बोलतंय, हे तिला आमच्या आधी कळतं. तिला जड जातं ते गिळणं. घास तोंडात गेला की तो कुठं सरकवायचा हे तिच्या जिभेला चटकन सुचत नाही. मान जरा मागं कलली की अन्न श्वासाच्या वाटेला लागतं. लहानपणी एकदोनदा तसं झालं, छातीत कफ धरला आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथून घरी आणताना मी मनाशी पक्कं केलं, की हिच्या तोंडात घास जाईल तो माझ्याच हातचा.

ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, नाहीतर मऊ भात वरणात कालवून, मग सगळं चाळणीवर घासून घ्यायचं. तिला मांडीवर अर्धवट बसतं करायचं. डाव्या हाताच्या कोपरात तिची मान, तीही जराशी पुढं झुकलेली. चमचा समोरून, खालच्या अंगानं आणायचा. घास दिला की हनुवटीखाली बोट टेकवून वाट बघायची. घशाखालून गेल्याचं बोटाला कळतं. मगच दुसरा घास. घाई केलीत की संपलं. एका जेवणाला तास सहज जायचा, आणि दिवसातून अशी जेवणं किती तरी व्हायची. माझं अख्खं तरुणपण त्या चाळणीवर गेलं म्हणा ना.

ह्यांनी एकदा भरवून बघितलं होतं. हे एसटीत कंडक्टर आहेत, सकाळी लवकर बाहेर पडतात. सुट्टीच्या दिवशी हौसेनं बसले. लेकीला ठसका लागला, ती काळीनिळी झाली, आणि ह्यांच्या हातातला चमचा असा थरथरायला लागला की मला दोघांनाही सांभाळावं लागलं. पुन्हा ते त्या वाटेला गेले नाहीत. सासूबाई मूळच्या मोहोळकडच्या, गुडघ्यांनी बेजार. त्यांचं एकच पालुपद, "पोरगी तुज्याबिगर खात न्हाय." त्या हे कौतुकानं म्हणायच्या, आणि मलाही ते ऐकून बरं वाटायचं. सख्ख्या भावाच्या लग्नाला मी गेले नाही, तेव्हासुद्धा हेच कारण सगळ्यांना पटलं.

लेकीला व्यायामासाठी आम्ही एका जुन्या बंगल्यातल्या केंद्रात नेत असू. आत मुलांचे हातपाय ताणून सरळ करतात, त्यांना आधार देऊन उभं करतात. आया बाहेरच्या व्हरांड्यात बसतात. तिथं माझी दोघींशी ओळख झाली. एक साखर पेठेकडची, विणकरांच्या घरातली. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखीच सोलापुरी मराठी. वयानं माझ्याहून मोठी म्हणून मी तिला अक्का म्हणू लागले. तिचा मुलगा स्वमग्न आहे. डोळ्याला डोळा देत नाही, एका जागी ठरत नाही, दार उघडं दिसलं की पळत सुटतो. दुसरी आपा. तिचा नवरा ट्रक चालवतो. तिच्या लेकीला डाऊन सिंड्रोम आहे, आणि ती मुलगी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पडते. पोस्टमनच्याही पडली होती, आणि पोस्टमन बिचारा लाजून लालबुंद झाला होता.

आम्ही तिघी त्या व्हरांड्यात काय बोलायचो? लोकांना वाटतं, अशा बाया एकमेकींजवळ रडत असतील. आम्ही भाजीचे भाव बोलायचो, सासरचं बोलायचो, आणि लोक काय काय विचारतात ते सांगून हसायचो. कुणी अक्काला म्हणालं होतं, गेल्या जन्मीचं काहीतरी असणार. त्यावर अक्का म्हणाली होती, "असंल की. लई पुण्य केलं असंल, म्हणून असं लेकरू कुणाला द्यायचं तर माज्याकडं दिलं." आपाला ते वाक्य इतकं आवडलं, की ती ते पुन्हा पुन्हा अक्काकडून वदवून घ्यायची.

त्या वर्षी माझ्या पोटात उजव्या बाजूला दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, लांबवू नका. मी गोळ्या घेतल्या आणि लांबवलं. दुखायचं तेव्हा ओट्याची कड घट्ट धरून उभी राहायचे. घरात कुणाला सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं?

एक दिवस व्हरांड्यातच कळ आली. मी बाकावर वाकून पडले, तोंडाला घाम सुटला. आपानं पाणी दिलं. अक्कानं पाठीवरून हात फिरवला, आणि कळ ओसरल्यावर सरळ विचारलं,

"डागदरनं काय सांगितलंय?"

मी सांगितलं.

"मग ऑपरेशन कधी?"

"कसं करू अक्का? हिला कोण भरवणार?"

अक्कानं माझ्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतला. मग म्हणाली, "मी शिकते."

मला हसू आलं. तिचा स्वतःचा मुलगा तिच्या पदराला धरून अख्ख्या व्हरांड्यात तिला ओढत होता, आणि ही माझ्या लेकीला भरवायला शिकणार!

"आणि तुमच्या पोराला कोण बघणार?"

"मैं बघतूं ना," आपा मधेच म्हणाली. तिची मराठी आणि दखनी अशीच हातात हात घालून चालते. "मेरी बेटी के साथ बैठेगा. तुम पहले अपना पेट देखो."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का दारात उभी.

मी लेकीला मांडीवर घेऊन सगळं दाखवलं. मान कशी, चमचा कसा, बोट कुठं. मग लेकीला तिच्या मांडीवर दिलं. लेकीनं माझ्याकडं बघितलं, अक्काकडं बघितलं, आणि दातखीळ बसावी तसं तोंड मिटून घेतलं. अक्कानं चमचा ओठांना लावला तर मानच फिरवली. सासूबाई कॉटवरून म्हणाल्याच, "म्या सांगत हुते. न्हाय खायची ती."

अक्कानं हट्ट धरला नाही. तिनं चमचा उचलला आणि तो घास स्वतःच्या तोंडात घातला.

"काय करताय अक्का?"

"कसं लागतंय ते नको कळायला?" ती म्हणाली. मग तोंड वाकडं केलं. "अगं ताई, हे काय? ना मीठ, ना तिखट. ह्याला मी पण तोंड मिटलं असतं!"

मला राग आला. ठसका लागू नये म्हणून मी इतकी वर्षं जपून, अळणी शिजवत आले होते. अक्का म्हणाली, "रागावू नको. थोडं करून बघू." तिच्या सांगण्यावरून मी शेंगाचटणी चिमूटभर घेतली, ताज्या दह्यात घालून खलबत्त्यात अगदी लोण्यासारखी घोटली, आणि भाकरीत कालवून पुन्हा चाळून काढली. नुसता वास आला तशी लेकीची मान वळली. अक्का तिला गुणगुणत काहीतरी तेलुगूत सांगत होती. "तिनम्मा, बंगारू, तिनु." खा गं बाई, सोन्या, खा. लेकीनं तोंड उघडलं.

घास गेला. अक्काचं बोट हनुवटीखाली होतं. "गेला," ती म्हणाली, "कळलं मला!" आणि लेकीनं तो आवाज काढला, आणखी हवं असलं की काढते तो, घशातला, कबुतरासारखा. 

मी स्वयंपाकघरात गेले आणि घासलेलीच भांडी परत घासायला घेतली. डोळ्यांतलं पाणी थांबेना. आनंदच होता. पण त्यात आणखी काहीतरी मिसळलेलं होतं, ज्याला नाव द्यायची मला लाज वाटत होती. सासूबाई भिंतीला धरत धरत मागून आल्या.

"रडतीस कशाला?"

"आत्या, ती दुसऱ्याच्या हातनं जेवली."

"मग? चांगलंच हाय की."

त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माजा ल्योक तुज्या हातची भाकरी खाऊन म्हनला, आई, ही लई मऊ करती. तवा मी बी हितंच यून रडले हुते. तुला दावलं न्हाय, येवडंच."

आम्ही दोघी एकदम हसायला लागलो. बाहेरून अक्का ओरडली, "काय चाललंय तितं? आणखी आणा की!"

सगळं असं सरळ गेलं नाही. काही दिवसांनी, अक्काचा हात बसला असं वाटत असतानाच, लेकीला जोराचा ठसका लागला. बाहेर फटाका वाजला आणि घास तोंडात असताना ती दचकली. चेहरा तांबडा, मग जांभळा. मी धावले. अक्कानं एक हात वर करून मला अडवलं. "थांब." तिनं लेकीला पुढं वाकवलं, छातीला हाताचा आधार दिला, पाठीवर थापट्या मारल्या, जसं मी दाखवलं होतं अगदी तसंच. तोंडातला घास बाहेर पडला. लेक रडली. रडली म्हणजे श्वास आला. अक्कानं तिला खांद्याशी धरून डोलवलं, तोंड पुसलं, माझ्याकडं दिलं. आणि मग ती स्वतः भिंतीला टेकून खाली बसली.

मला वाटलं, आता ही येणार नाही. कोण येईल? दुसऱ्याच्या लेकराचा जीव असा हातात घ्यायला कोण परत येईल?

ती पाणी प्याली. पदरानं तोंड पुसलं. "उद्या जरा उशीर हुईल," ती म्हणाली, "पोराला केस कापायला न्यायचंय. कारखान्याचा भोंगा वाजावा तसा आरडाओरडा करतो. त्याचं उरकून येते."

त्याच आठवड्यात तिनं ह्यांनाही बसवलं. हे नको नको म्हणत होते. "भाऊ, बसा हितं," ती म्हणाली, आणि त्यांचा उजवा गुडघा उभा करायला लावून कोपर त्यावर टेकवायला सांगितलं. कोपराला आधार मिळाला तसा हात थरथरायचा थांबला. इतकी साधी गोष्ट, पण आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती. लेकीनं बापाच्या हातचा पहिला घास खाल्ला आणि त्यांच्या शर्टावर अर्धा सांडला. त्यांनी तो शर्ट संध्याकाळपर्यंत बदलला नाही.

मग मी दवाखान्यात गेले. निघताना लेकीजवळ बसून सगळं सांगितलं, कुठं चालले, का चालले, कधी येणार. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. छताकडं बघत राहिली. रुसली की ती असंच करते. मी जिन्यावरून उतरताना तीनदा मागं फिरले. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "आता गेलीस तर बरं हुईल."

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, फारसं अवघड नव्हतं. शुद्धीवर आल्यावर तोंडात पहिला शब्द आला तो "जेवली का?" नर्सला वाटलं मी स्वतःच्याच जेवणाबद्दल विचारतेय. ती म्हणाली, आज काही मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आपाचा फोन आला. "बोलायचं नाय, नुसतं ऐकायचं," ती कुजबुजली आणि तिनं फोन कुठंतरी जवळ धरला. आधी अक्काच्या मुलाच्या पळण्याचा आवाज. मग आपाच्या लेकीचं हसणं. मग अक्काचं ते गुणगुणणं, आणि मग तो घशातला आवाज. आणखी हवं. मी फोन छातीवर ठेवला, आणि कित्येक वर्षांत झोपले नव्हते तशी भरदुपारी झोपले.

घरी आल्यावर लेक दिवसभर माझ्याशी रुसून होती. संध्याकाळी तिनं माझ्या बोटाला तोंड लावलं आणि मग माझ्या गळ्यात डोकं खुपसून पडून राहिली. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली होती. लेक आता चांगली उंच झाली आहे, तिला उचलणं म्हणजे पोतं उचलणं. त्यामुळं सकाळचं हे कामावर जायच्या आधी भरवायचे, दुपारी अक्का यायची, आणि मी माझ्याच घरात पाहुण्यासारखी बसून बघायचे.

मी बरी झाले तेव्हा अक्काला म्हणाले, "आता तुमची पाळी."

"कसली?"

"पोराला माझ्याकडं द्या. एक दुपार. आपाकडं तर तो राहतोच, आता माझ्याकडंही राहील. तुम्ही कुठं जायचं तिकडं जा."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी तिला परदेशात पाठवतेय. "कुटं जाऊ?" खरंच तिला सुचत नव्हतं. शेवटी ती गावातल्या गावात आईकडं गेली. आईनं विचारलं, काय खातेस? ती म्हणाली, काही नको, झोपते. दिवेलागणीपर्यंत झोपली. आईनं मधे फक्त अंगावर चादर घातली.

तिच्या मुलाला सांभाळणं मला सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. लेकीजवळ हे सुट्टी घेऊन थांबले होते, आणि मी अक्काच्याच घरी जाऊन बसले होते. तो दारापाशी येऊन माझा हात ओढायला लागला. नाही म्हटलं तर डोकं आपटून घेई. मग मी कुलूप लावून त्याच्याबरोबर निघाले. त्यानं मला गल्ल्यागल्ल्यांतून ओढत एका कारखान्यासमोर नेलं. आत यंत्रमाग चालू होते, टॉवेल विणत होते, इतका खडखडाट की शेजारी बोललेलं ऐकू येऊ नये. तो दारातल्या पायरीवर बसला. एका जागी कधी न बसणारं ते लेकरू, मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याच्या तालावर हळूहळू डुलायला लागलं. आतल्या माणसानं मान हलवून ओळख दिली. रोजचंच असणार. मीही त्याच्या शेजारी बसले. बऱ्याच वेळानं त्यानं माझ्याकडं न बघता माझा तळहात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. मी तो हलवला नाही, मुंग्या आल्या तरी.

तशी आम्हा तिघींची प्रत्येक आठवड्याला एक एक रिकामी दुपार ठरली. माझी पहिली दुपार फुकट गेली. मी सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेले, कठड्याशी बसले, माशांना चुरमुरे टाकले. डावा हात कोपरात वाकलेलाच होता, जणू त्यात कुणाची तरी मान आहे. कुणी मागं लागल्यासारखी भराभर चालत परत आले. अक्कानं दार उघडलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "अजून वेळ हाय. जा." आणि माझ्या घराचं दार माझ्याच तोंडावर लावून घेतलं. आतून सासूबाईंचं हसू ऐकू आलं. मग मी बाजारात जाऊन उगीचच कापडं बघत हिंडले.

पुढच्या वेळी मी मैंदर्गीला माहेरी गेले. लेकीशिवाय माहेरी जायची ही पहिलीच वेळ. आई कानडी आणि मराठी एकत्र बोलते. मला एकटीला बघून ती घाबरली. "येनायितु? काय झालं? पोर कुठाय?" मी म्हटलं, "जेवतेय." "कुणाच्या हातनं?" मी सांगितलं, तर तिला खरंच वाटेना. तिनं मला चुलीपुढं पाटावर बसवलं आणि तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकली. वाफ हाताला चटका देत होती. मी घरात शेवटी जेवणारी बाई, गार भाकरीची सवय झालेली. ती गरम भाकरी मी चटके सोसत तशीच खाल्ली. आईनं दुसरी थापायला घेतली. वहिनी, जिच्या लग्नाला मी नव्हते, ती तूप घेऊन आली आणि नको नको म्हणेपर्यंत वाढत राहिली.

माझ्या मागं हिचं काय, ही भीती गेली का? नाही गेली. आम्हा तिघींपैकी कुणाचीच गेलेली नाही. आपा म्हणते, ती सावलीसारखी असते, दुपारी तेवढी आखूड होते. पण पूर्वी त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी एकटी बसायचे आणि उत्तर 'कुणी नाही' असंच यायचं. आता निदान माझ्याशिवाय आणखी तिघांच्या हातांना माझ्या लेकीचा घास ठाऊक आहे. सासूबाईसुद्धा भरवतात, बसल्या बसल्या, गुडघ्याला उशी लावून. फक्त त्या चटणी जास्त घालतात.

गेल्या संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आम्ही तिघीच गेलो. मुलं त्यांच्या बापांकडं, आमच्या घरी. आपाचा नवरा ट्रक लावून मुद्दाम थांबला होता. आम्ही चुरमुऱ्यांचा चिवडा घेतला, भजी खाल्ली, आणि मग अक्का म्हणाली, पाळण्यात बसू. मोठ्या पाळण्यात. मी म्हटलं, टाके. ती म्हणाली, टाके जुने झाले. आपानं बुरखा दोन्ही हातांनी गच्च धरला आणि आम्ही बसलो. पाळणा वर गेला तसं सगळं सोलापूर दिव्यांनी भरलेलं दिसायला लागलं, आणि वरून खाली येताना अक्का तेलुगूत, आपा दखनीत आणि मी कानडीत ओरडले. माझ्या तोंडात कानडी कुठून आली कोण जाणे. समोरच्या पाळण्यातल्या कॉलेजच्या पोरी आमच्याकडं बघून हसत होत्या.

आम्ही खाली उतरलो. अक्का खांबाला धरून उभी राहिली. मी फोन काढला, घरी विचारावं म्हणून. आपानं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला.

"एक बार और," ती म्हणाली, आणि आम्ही परत रांगेत उभ्या राहिलो.